चंदगडचा विमानतळ कोणता?

दोन शहरांमधील अंतर बदलत नसते, अशी आपली शाळेपासूनची समजूत असते. मुंबई आणि लंडन यांच्यामधील हवाई अंतर सुमारे ७ हजार २०० किलोमीटर आहे. ते कालही तेवढेच होते आणि उद्याही तेवढेच राहील. मात्र गेल्या काही वर्षांत या अंतराला लागणारा वेळ अनेकदा बदलला. पृथ्वीगोलावर मुंबईहून लंडनपर्यंत दोरा ताणून धरला तर तो कराचीजवळून, इराणवरून, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण टोकावरून, क्रिमिया आणि युक्रेनवरून पोलंडकडे जातो. भूगोलाच्या दृष्टीने ही सर्वांत जवळची वाट. राजकारणाच्या दृष्टीने पाहिले तर या वाटेवर भांडण नसलेला मुलूख शोधावा लागतो.

युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने बालाकोटच्या कारवाईनंतर २०१९ च्या फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपले आकाश बंद ठेवले होते. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी त्याने ते भारतीय विमानांना पुन्हा बंद केले आणि पुढे महिन्यामागून महिना मुदत वाढवत नेली. २०२५ च्या जूनमध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराणचे, आणि २३ जूनला काही तासांपुरते कतारचेही आकाश बंद झाले. विमानांना वळसे पडले. उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही भारतीय विमानांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी मध्येच उतरावे लागले. पाकिस्तानची बंदी वर्षभर टिकल्यास सुमारे ६० कोटी डॉलरचा भार पडेल, असा एअर इंडियाचा अंदाज प्रसिद्ध झाला होता.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन असे की, आकाशात पडणाऱ्या अशा वळशांची आपण सविस्तर चर्चा करतो. वर्तमानपत्रे नकाशे छापतात, तज्ज्ञ तास-मिनिटे मोजतात. जमिनीवर मात्र याच प्रकारचे वळसे लक्षावधी लोकांना रोज पडत असतात, आणि त्यांचा हिशेब क्वचितच मांडला जातो. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला चंदगड तालुका हे त्याचे उत्तम उदाहरण ठरावे.

चंदगडची ओळख शहरी वाचकाला बहुधा काजूमुळे असते. सह्याद्रीच्या माथ्यावरचा, मुसळधार पावसाचा हा तालुका. एका बाजूला कर्नाटकाचा बेळगाव जिल्हा, दुसऱ्या बाजूला घाटाखाली सिंधुदुर्ग, आणि त्याला लागून गोवा. येथील अनेक घरांतला एखादा तरी माणूस मुंबईला, गोव्यात, आखातात किंवा सैन्यात असतो. म्हणजे लांबचा प्रवास ही येथे चैनीची बाब नाही. रजेचे मोजके दिवस घेऊन सीमेवरून येणारा जवान असो की वडिलांच्या अंत्यदर्शनासाठी दुबईहून निघालेला मुलगा, त्याच्यासाठी प्रवासाचा एकेक तास मोलाचा असतो.

आता नकाशावर पट्टी ठेवून पाहू. चंदगड गावापासून सरळ रेषेत सर्वांत जवळचा विमानतळ कोणता? उत्तर आहे गोव्यातील मोपा. पेडणे तालुक्यातील हा विमानतळ चंदगडपासून सरळ रेषेत साधारण ४० किलोमीटरवर आहे. त्यानंतर बेळगावचा सांबरा, पन्नास किलोमीटरच्या आत. मग सिंधुदुर्गातील चिपी, सुमारे ७० किलोमीटर. गोव्याचा जुना दाबोळी ७५ च्या आसपास. आणि या पाचांत सर्वांत दूर कोण, तर चंदगड ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याचा स्वतःचा, म्हणजे कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ. तो ८० किलोमीटरवर.

पाच विमानतळांच्या मधोमध वसलेला तालुका म्हणजे भाग्यवानच म्हणायचा! पण पट्टी उचलून रस्त्याला लागले की हे भाग्य विरघळू लागते. मोप्याचे ४० किलोमीटर प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट होतात, कारण मध्ये सह्याद्रीची भिंत आहे. ती उतरायला दोन वाटा. एक तिलारीचा घाट, दोडामार्गकडे नेणारा. अतिशय तीव्र उताराचा आणि अरुंद वळणांचा. दुसरी आंबोलीहून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी अशी. पावसाळ्यात दोन्हीकडे धुके, दरडी आणि पाण्याचे लोट. चार महिने या वाटांचा अंदाज बांधून विमान गाठायचे तर दोन-अडीच तासांच्या रस्त्याला चार तास हाताशी ठेवावे लागतात. कोल्हापूरकडे घाट नाही, पण अंतर सव्वापट-दीडपट होते. रस्त्याने ते शंभर किलोमीटरच्या बरेच वर जाते आणि तीन तास सहज लागतात. गंमत अशी की गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी या नेहमीच्या वाटेने गेल्यास महाराष्ट्रातील तालुक्याहून महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचताना मध्ये कर्नाटकाचा तुकडा ओलांडावा लागतो.

उरला सांबरा. पाटणे फाटा, शिनोळी, हिंडलगा असा बेळगावात शिरणारा रस्ता तुलनेने सपाट. शहर पार करून सांबऱ्याला पोहोचायला दीड तास पुरे. चंदगडकरांच्या पायाला ही वाट पूर्वीपासून सवयीची आहे. रताळी विकायची ती बेळगावात, लग्नाचा बस्ता बांधायचा तो बेळगावात, मोठे दुखणे निघाले तर दवाखाना बेळगावचा. यात नवल काहीच नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी चंदगड हा बेळगाव जिल्ह्याचाच तालुका होता. राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. मराठी भाषकांच्या दृष्टीने ही जमेची बाजू. पण बाजार, दवाखाना, कॉलेज, रेल्वे स्थानक आणि पुढे विमानतळही पलीकडच्या राज्यात राहिला.

सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, ब्रिटिश हवाई दलाने बांधलेली. पुढे ती वाढवण्यात आली आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये नवी इमारत उभी राहिली. ‘उडान’ योजनेच्या तिसऱ्या फेरीनंतर तर बेळगावचे दिवस पालटले. हैदराबाद, मुंबई, अहमदाबाद, सुरत, नाशिक, तिरुपती, जोधपूर अशी नावे फलकावर झळकू लागली. त्या मानाने कोल्हापूरचा विमानतळ वयाने थोरला. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये तो सुरू झाला. पण त्याच्या वाट्याला बराच काळ उपेक्षाच आली. २०११ नंतर नियमित प्रवासी सेवा थांबली ती २०१८ पर्यंत. नंतर धावपट्टी १,३७० मीटरवरून १,९३० मीटरपर्यंत नेली गेली, रात्री विमान उतरवण्याची सोय झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. तरीही मुंबईची सेवा स्टार एअरने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केली, तेव्हा ती आठवड्यातून तीनच दिवस होती. सोमवारी निघायचे असेल तर मंगळवारच्या विमानाचा काय उपयोग, हा साधा प्रश्न हवाई अंतराच्या कोणत्याही कोष्टकात सापडत नाही.

कोष्टकांचा हा दोष मुळातूनच आहे. दोन शहरांमधील विमानप्रवासाचा वेळ म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो विमानाच्या चाकांचे ठोकळे एका ठिकाणी काढल्यापासून दुसऱ्या ठिकाणी लावेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची सरपट, रांग, आकाशात घिरट्या हे सारे येते. कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर ३१० किलोमीटरच्या आसपास, बेळगाव ते मुंबई ४०० च्या. ताशी पाचशे किलोमीटरच्या वेगाने जाणारे लहान पंख्याचे विमानही हे अंतर तासाभरात कापेल. मग वेळापत्रकात सव्वा तास का लिहिलेला असतो? कारण मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि देशातील सर्वाधिक गर्दीच्या विमानतळांपैकी एक प्रत्यक्षात एकाच धावपट्टीवर चालतो. कंपन्या तो उशीर गृहीत धरूनच वेळ छापतात. अंतर जितके कमी, तितका या अडणुकीचा वाटा मोठा.

चंदगडहून सांबरामार्गे मुंबईला निघालेल्या माणसाचा दिवस असा मांडता येईल. घरातून विमानतळापर्यंत दीड तास. सुटण्याच्या दीड तास आधी पोहोचणे, ते दीड तास. विमानात सव्वा तास. सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, आणि मुंबईत जिथे जायचे तिथवर आणखी तासभर. एकूण पावणेसहा तास, त्यात प्रत्यक्ष उड्डाण सव्वा तासाचे. रात्रीच्या बसने हाच प्रवास सुमारे पाचशे किलोमीटरचा आणि दहा-अकरा तासांचा आहे. म्हणजे विमानाने साडेचार-पाच तास वाचतात. हा फायदा खराच आहे, पण त्यासाठी त्या दिवशी विमान असायला हवे.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. चंदगडचा तरुण लंडनला निघाला तर मुंबई-लंडन या ७ हजार २०० किलोमीटरला नऊ-दहा तास लागतात. त्याआधीच्या चंदगड-मुंबई या पाचशे किलोमीटरलाही रस्त्याने दहा-अकरा तास लागतात. एक खंड ओलांडायला जेवढा वेळ, तेवढाच आपले राज्य ओलांडायला. मोपा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून तेथून लंडनच्या गॅटविक विमानतळासाठी एअर इंडियाची थेट सेवा सुरू झाली, तेव्हा घाटमाथ्यावरून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरवर लंडनचे विमान येऊन उभे राहिले. २०२५ च्या जूनमध्ये कंपनीने ही सेवा स्थगित केली. अहमदाबादच्या दुर्घटनेनंतरच्या वाढीव तपासण्या आणि बंद आकाशामुळे लांबलेले मार्ग, अशी कारणे त्या वेळी दिली गेली. तेहरानच्या आकाशात जे घडते त्याची झळ दोडामार्गच्या घाटापर्यंत कशी पोहोचते, ते यातून दिसते. विमानांची संख्या मर्यादित असते. लांबच्या फेऱ्यांना तास वाढले की कुठल्या तरी फेरीचे विमान काढून घ्यावे लागते, आणि ते प्रथम दिल्ली-मुंबईचे काढले जात नाही.

लहान शहरांच्या हवाई सेवेचा हाच मूळ रोग आहे. ‘उडान’ची पहिली फेरी २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर निघाली. सुमारे तासाभराच्या प्रवासाला काही आसनांसाठी अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा आणि कंपनीच्या तोट्याची तीन वर्षे भरपाई, असे तिचे स्वरूप. कल्पना चांगली होती, तिने अनेक गावांना विमान दाखवलेही. परंतु महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातील आकडे डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. तोवर दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांपैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि मुदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकलेले मार्ग होते अवघे ५४.

या आकड्यांची प्रचिती चंदगडच्या भोवतालीच येते. सांबऱ्याच्या फलकावरची अनेक नावे सवलतीची मुदत संपताच पुसली गेली. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मोठ्या राजकीय गाजावाजात सुरू झाला. तेथील मुंबईची सेवा तीन वर्षे भरताच, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली. बेळगाव-दिल्ली थेट सेवा एकदा सुरू होऊन बंद पडली, ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इंडिगोने पुन्हा सुरू केली. हवाई अंतर सुमारे १,४३० किलोमीटर, वेळ अडीच तास. उत्तरेत नेमणूक असलेल्या जवानाला रेल्वेने दीड-दोन दिवस लागतात. त्याच्या रजेचे जाता-येता तीन दिवस वाचवणारी ही सेवा. तिचे चालू राहणे मात्र एका कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गैर नाही. शंभर-दीडशे किलोमीटरच्या परिघात पाच विमानतळ बांधायचे, मग कोणालाच पुरेसे प्रवासी मिळत नाहीत म्हणून रडायचे, हा शहाणपणा कोणाचा? याचे उत्तर तीन राज्यांच्या तीन राजधान्यांत विभागलेले आहे. कर्नाटकाने बेळगाव पाहिले, गोव्याने मोपा, महाराष्ट्राने कोल्हापूर आणि चिपी. प्रत्येकाने विमानतळाभोवती वर्तुळ काढताना ते आपल्या राज्याच्या सीमेपाशी तोडले. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, दोडामार्ग, खानापूर हा सलग मुलूख. त्याचे प्रवासी एकत्र मोजले तर एखाद्या मार्गाला आधार मिळू शकतो. पण बेळगावच्या विमानतळाच्या प्रवाशांत चंदगडचे किती, याची नोंद ठेवण्यात मुंबईला रस नाही, आणि त्यांना सोयीचे वेळापत्रक मागण्यात बंगळुरूला रस असण्याचे कारण नाही.

त्यात सीमावादाची भर. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागलेला नाही, आणि त्याची ठिणगी पडली की पहिला बळी बसचा जातो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगडफेक झाली तेव्हा एसटी थांबली. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगाव तालुक्यात कर्नाटकाच्या बसवाहकाला मारहाण झाली, लगेच चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटी चालकाच्या तोंडाला काळे फासले गेले, आणि पुन्हा दोन्हीकडच्या गाड्या अडल्या. अशा दिवशी चंदगडच्या प्रवाशापुढे सांबऱ्याचे विमान उभे असते आणि शिनोळीच्या पुढे जायला वाहन नसते. पाकिस्तानने आकाश बंद केले तर विमान वळसा घालून का होईना, जाते. शिनोळीचा रस्ता बंद झाला की वळसा कोल्हापूरचा, आणि त्याच्याही मध्ये निपाणी.

रस्त्याची चर्चा निघाली की हल्ली शक्तिपीठ महामार्गाचे नाव येतेच. पवनार ते पत्रादेवी असा ८०२ किलोमीटरचा मूळ आराखडा. कोल्हापूर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला, तर चंदगडचे आमदार शिवाजी पाटील यांनी तो आपल्या तालुक्यातून न्यावा अशी मागणी केली. पत्रादेवी हे पेडण्यातलेच, मोप्याच्या शेजारचे. तेव्हा महामार्ग चंदगडवरून गेला तर विमानतळ तासाभरावर येईल, हा हिशेब चुकीचा नाही. पण सुपीक जमिनीचा आणि पश्चिम घाटातील जंगलाचा मोबदला देऊन जे मिळवायचे, त्यातला मोठा भाग तिलारीचा रस्ता नीट करून, त्याच्या कडा बांधून आणि वळणे रुंद करूनही मिळू शकतो. त्याला भूमिपूजनाचा थाट नाही, एवढेच.

काही गोष्टी तर रस्त्याविनाही होण्यासारख्या आहेत. चंदगडला एसटीचे आगार आहे. गावोगावच्या एसटीच्या वेळा शाळेच्या, बाजाराच्या आणि मुक्कामाच्या गरजेने ठरलेल्या असतात, आणि ते योग्यच. परंतु सांबऱ्याच्या दिल्ली, मुंबई आणि बंगळुरूच्या विमानांच्या वेळेला जुळणारी एक लहान गाडी चंदगड, हलकर्णी, पाटणे फाटा अशी काढली, तर भाड्याच्या गाडीला मोजावे लागणारे पैसे वाचतील. आज परिस्थिती अशी आहे की विमानाचे तिकीट कधी स्वस्तात मिळून जाते आणि विमानतळापर्यंतची खासगी गाडी त्याच्या निम्मे घेते. हीच गोष्ट मोप्याची. दोन्ही ठिकाणी दुसऱ्या राज्याच्या परिवहन खात्याशी परवान्याचा करार लागतो. दोन्ही राज्यांच्या बस एकमेकांकडे वर्षानुवर्षे जातच आहेत, तेव्हा हे काही नव्याने शोधायचे नाही.

मुंबईच्या बाजूनेही एक बदल झाला आहे. नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित होऊन २५ डिसेंबरपासून तेथे विमाने उतरू लागली. कोल्हापूरकडून द्रुतगती मार्गाने येणाऱ्या रात्रीच्या बसला पनवेल आधी लागते. तेथून परदेशी सेवा वाढत जातील तसतसा चंदगडच्या प्रवाशाचा वाशी ते अंधेरी हा पहाटेच्या गर्दीतला तास-दीड तास वाचेल. कोल्हापूर आणि बेळगावच्या विमानांना जुन्या विमानतळावर हव्या त्या वेळा मिळत नाहीत, ही कंपन्यांची जुनी तक्रार. नव्या ठिकाणी सकाळी लवकरची आणि संध्याकाळी उशिराची वेळ मागायला हीच संधी आहे. एका दिवसात काम उरकून परत येता येणे, यातच लहान शहराच्या विमानसेवेचा अर्थ असतो.

विमान कंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी बदलतात. त्यासाठी कोल्हापूरचे लोकप्रतिनिधी कोल्हापूरची मागणी करतात, बेळगावचे बेळगावची, गोव्याचे गोव्याची. चंदगडचा मतदार या तिघांपैकी फक्त पहिल्याला मत देतो, आणि विमान बहुधा दुसऱ्याकडून किंवा तिसऱ्याकडून पकडतो. पुढच्या वेळापत्रकाआधी कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने बेळगाव आणि पेडण्याच्या विमानतळ व्यवस्थापनांना एक पत्र लिहून आपल्या दक्षिणेकडील तीन तालुक्यांच्या प्रवाशांची गरज कळवली, तर त्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागणार नाही.